कशाचे रक्षण, कोणापासून?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील आदरणीय अतिथी, आजच्या सत्कारमूर्ती आणि आम्हा सर्वांच्या प्रमुख संपादक बाई, कोशकार्यालयातील सहकारी, आणि ऑफिस सुटल्यावरही घराची वाट न धरता येथे बसून राहिलेल्या सुहृदांनो,

बाईंना निरोप देण्याचे काम माझ्याकडे सोपवले, याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. भाषण मी लिहून आणले होते. ते खिशातच आहे. परंतु मघाशी या सभागृहाच्या दारात एक प्रसंग घडला आणि तेव्हापासून त्या कागदावर माझे मन लागत नाही. बोलणे भरकटले, तर अध्यक्षांनी निःसंकोच घंटी वाजवावी.

पाहुण्यांसाठी सांगतो, आम्ही इंग्रजी-मराठी शब्दकोश तयार करतो. मराठीत ‘रक्षण करणे’ म्हटले की बहुधा भागते. इंग्रजीत तेवढ्यावर सुटका नाही. प्रोटेक्ट, डिफेन्ड, गार्ड, शील्ड, प्रिझर्व ही एकाच घरातली भावंडे खरी, पण एकाचा सदरा दुसऱ्याच्या अंगाला येत नाही. छत्री उन्हापासून प्रोटेक्ट करते, गार्ड करत नाही. गार्ड करणाऱ्याचा डोळा लागून चालत नाही. डिफेन्डला समोर हल्लेखोर लागतो. शील्ड करणारा स्वतः मध्ये उभा राहून घाव झेलतो. आणि प्रिझर्व करणाऱ्याचा एकच हट्ट असतो: आज जसे आहे, तसेच उद्याही असले पाहिजे.

या शब्दांची उदाहरणे घेऊन कोणीही बाईंच्या टेबलाशी गेला, की प्रश्न ठरलेला. “कशाचं रक्षण? कोणापासून?” दोन्ही उत्तरे मिळाल्याशिवाय बाई वाक्य पुढे सोडत नसत. आमच्या एका उपसंपादकाने एकदा लिहिले, ‘सासूबाई फ्रिज गार्ड करतात.’

“फ्रिजचं रक्षण?” बाईंनी विचारले.

“नाही हो बाई, आतल्या केकचं.”

“कोणापासून? सुनेपासून?”

“छे! सून बिचारी गोड खात नाही. माझ्यापासून!”

हसलात, बरे झाले. मलाही थोडा श्वास घेता आला.

माझी पत्नी गेली, हे येथे बहुतेकांना ठाऊक आहे. मला गाडी चालवता येत नाही. इतकी वर्षे तीच मला ऑफिसात सोडत असे. मी शेजारी बसून मुद्रिते तपासायचो आणि ती म्हणायची, “अहो, एकदा तरी समोर बघा. रस्ता पण वाचण्यासारखा असतो.” ती ठेंगणी होती. सीट अगदी पुढे ओढलेली, आरसा खाली झुकवलेला. ती गेल्यानंतर मी गाडीवर आवरण घातले आणि रोज खाली जाऊन ते नीट आहे ना, एवढे पाहत आलो. बॅटरी उतरली, चाकांतली हवा गेली. सीट मात्र तिथेच राहिली.

आज बाईंना भेट द्यायचे कोशाचे सगळे खंड माझ्या घरी होते. ते ओझे बसमधून आणणे शक्य नव्हते. चार दिवस माहेरी आलेल्या माझ्या लेकीने सकाळीच मेकॅनिक बोलावून गाडी सुरू करून घेतली. मी तिला एकच अट घातली: सीट हलवायची नाही, आरशाला हात लावायचा नाही.

लेक उंचीने माझ्यावर गेली आहे. तिचे गुडघे स्टिअरिंगला टेकत होते. मागचे पाहायला ती प्रत्येक वळणावर मान वाकडी करत होती. एका सिग्नलला ब्रेक उशिरा लागला. मी ओरडलो, तर म्हणाली, “चालतंय बाबा. तुम्ही नका जिवाला लावून घेऊ.” मी बाहेर पाहत बसलो. तुम्हीच सांगा, दुसरे काय करणार होतो?

दारात ती गुडघे चोळत उतरली. बाईंनी विचारले, “काय गं, लागलं का?”

“नाही मावशी. आईची सीट आहे ना, ती हलवायची नाही.”

बाई माझ्याकडे वळल्या. आवाज न चढवता, टेबलाशी विचारावे तसे त्यांनी विचारले, “कशाचं रक्षण? कोणापासून?”

पहिल्याचे उत्तर माझ्या ओठांवर होते. दुसऱ्याचे देता येईना. मघापासून, व्यासपीठावर हारतुरे चालू असताना, मी तेच शोधत बसलो होतो. वेळेपासून? धुळीपासून? विसरण्यापासून? बाईंनी यातले एकही मान्य केले नसते. त्या सीटला हात लावू शकेल असे जगात एकच माणूस आहे, आणि ती माझी लेक आहे. मी तिच्यापासून रक्षण करत होतो, आणि घाव तिच्याच गुडघ्यांवर बसत होते.

बाळ, तू मागच्या रांगेत आहेस, मला दिसते आहेस. किल्ली तुझ्याचकडे आहे. जा, सीट तुला हवी तितकी मागे घे. आरसाही बसवून घे. समारंभ संपायची वाट पाहू नकोस, आत्ताच जा. मी समोर असलो, तर पुन्हा ‘नको’ म्हणेन.

गेली.

बाई, आपल्या कामाचे गुणगान कागदावर आहे, ते आपल्याला सवडीने वाचायला देतो. आपण जे शिकवलेत, त्याबद्दल कार्यालयाच्या वतीने आणि एका बापाच्या वतीने आपले मनःपूर्वक आभार. अध्यक्ष महोदय, आपण घंटी वाजवली नाहीत, त्याबद्दल आपलेही. सत्काराच्या भाषणात घरचे रडगाणे आले, शब्दांचे भान सुटले, ते सर्वांनी उदार मनाने पोटात घालावे.

बाई, आपल्याला घरी सोडायला आमचीच गाडी आहे. लेक आता सरळ बसून चालवेल.