वकीलबाईंनी मागितलेली सही

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, निर्मिती विभागातील माझे सहकारी आणि आज निवृत्त होणाऱ्या आमच्या वकीलबाई,

कौतुकाचे दोन शब्द बोला, असं मला सांगण्यात आलंय. प्रयत्न करतो. सोळा वर्षं माझी प्रत्येक पटकथा चित्रीकरणाआधी कायदेशीर तपासणीसाठी बाईंच्या टेबलावर गेली आणि लाल शेऱ्यांनी भरून परत आली. एकदा माझा खलनायक दंतवैद्य होता. बाईंनी लिहिलं, 'या आडनावाचे तीन दंतवैद्य शहरात आहेत.' मी त्याला पशुवैद्य केलं. 'दोन आहेत.' शेवटी तो बिचारा चित्रपटभर कामधंद्याविना हिंडला! लेखकाने करायचं तरी काय?

पण माझा खरा राग वेगळ्याच पटकथेचा आहे. मावशीला विचारूनच सांगतोय, कारण पटकथा तिच्यावरच होती. तरुणपणी ती चार वर्षांच्या मुलीला सासरी टाकून निघून गेली आणि परिचारिका झाली, असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. नट ठरले, सेट उभा राहू लागला, आणि बाईंचा शेरा आला : 'या हयात आहेत का?'

मी तावातावाने वर गेलो. "बाई, सख्खी मावशी आहे माझी!"

"मग संमतीची सही आणणं सोपंच जाईल," बाई म्हणाल्या. मानसुद्धा वर केली नाही.

चडफडत मावशीकडे गेलो. चष्मा लावून, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती एकेक पान वाचू लागली. मी सारखा घड्याळाकडे बघत होतो. एका पानावर ती थांबली.

"अरे, मी तिला टाकून गेले, हे तुला कुणी सांगितलं?"

"सगळेच म्हणतात."

"मला विचारलंस कधी? कडेवर घेऊन निघाले होते मी तिला. सासरच्यांनी दारात हिसकावून घेतली. आणि पुढे तिला सांगितलं, आईला तू नको होतीस."

त्यावर मी काय म्हणालो असेन? सांगायला लाज वाटते. म्हणालो, "मावशी, प्रसंग जबरदस्त होईल हा!"

तिने पटकथा मिटली. "आणि तिने हे पडद्यावर बघायचं? आधी माझ्या तोंडून ऐकू दे तिला."

सही मिळाली नाही. सेट उतरवला, नट दुसरीकडे गेले. निर्मात्यांनी मला काय काय ऐकवलं, ते अध्यक्षांसमोर सांगण्यासारखं नाही. वर्षभर मी बाईंशी कामापुरतंही धड बोललो नाही.

मावशीने मुलीला पत्र लिहिलं. पाच महिने उत्तर नाही. मग एका दुपारी मी मावशीकडे असतानाच बेल वाजली. दारात चाळिशीची बाई. आत न येताच तिने विचारलं, "दार कुठलं होतं? पुढचं की मागचं?"

"मागचं," मावशी म्हणाली. "त्यांनी तुझा हात धरून ओढलं."

"डावा," ती म्हणाली. "मला आठवतं ते. मला वाटायचं, स्वप्न आहे."

मी बाहेर पडलो.

बाई, तो चित्रपट झालाच नाही. माझी सर्वांत चांगली पटकथा कपाटात पडून आहे आणि तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. पण आभार मानायचेही राहून गेले होते, ते आज सर्वांदेखत मानतो.

मंडळी, वेळ ओलांडली, आवाजही चढला. वावगं काही बोलून गेलो असेन, तर ते मनात ठेवू नका. आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे.