पहिलं अर्धं जसिंताचं

नाही नाही, रत्नप्रभाताई, तो जाडा ग्रंथ पहिल्या पानापासून नका उघडू! तुम्ही जन्मभर शाळेत शिकवलंत, तुम्हाला वाटणार पुस्तक म्हणजे पहिल्या पानापासून. तसं केलंत की जग निर्माण होईस्तोवर मजा येते, मग पूर येतो, तोही छान – आणि मग अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला – तुम्ही पुस्तक मिटून खाली आपल्या फ्लॅटमध्ये जाणार नि म्हणणार, घोन्साल्विसांचा धर्म म्हणजे रेशनकार्ड आहे सगळं! मागून धरा. हे बघा, इथे – येशूची गोष्ट चौघांनी सांगितलीय, त्यातली ही सगळ्यात लहान. एका बैठकीत होते. यातला येशू चिडतो, त्याला भूक लागते, वादळात होडीत उशी घेऊन झोपतो. आम्ही वसईचे, होडीतली झोप आम्हाला लगेच पटते.

मग ही धर्मशिक्षणाची. प्रश्न-उत्तर, प्रश्न-उत्तर. लहानपणी मला सगळी उत्तरं पाठ होती. प्रश्न? प्रश्न फादर विचारायचे ना! – आणि हे संतांचं. हे रात्री झोपताना वाचा. यात नाही, पण आमच्या आजोबांची होडी फुटली तेव्हा त्यांनी संताचं नाव घेतलं, तर हजारभर बोंबील गोळा झाले आणि ढकलत ढकलत होडी किनाऱ्याला लावली. हसू नका. बोंबलाला धड काटा नाही, तो ढकलणार कशाने, हे आमच्या आजीनेही विचारलं होतं. तिला त्या दिवशी कोणी जेवायला वाढलं नाही.

मी वाचलीत का सगळी? हे काय विचारणं झालं, ताई... बरं, नाही. एकही नाही पुरतं. सगळी जसिंताची. मी मंडीदीपच्या कारखान्यातून शिफ्ट करून यायचो, ती भाकऱ्या थापता थापता वाचलेलं सांगायची, मी त्यात बोंबील घालायचो. असा आमचा अभ्यास.

ते नको. ते काळ्या कव्हरचं – ठेवा ना खाली. त्यात वाचण्यासारखं काही नाही, प्रार्थना आहेत नुसत्या. काय? जसिंताच्या मातीला ऐकलंत ते? अर्धे म्हणत होते नि अर्धे उत्तर देत होते – हो, तीच, आमची माळ. म्हणजे तुम्हाला ते जाणून घ्यायचंय? मग माझं अख्खं कपाट कशाला खाली काढायला लावलंत, भई! सोपं आहे. नमो मारिया, मरियामातेची प्रार्थना. माळेच्या एका मण्याला एकदा. पहिलं अर्धं एकाने म्हणायचं, उरलेलं दुसऱ्यांनी. इथे चर्चमध्ये सगळं हिंदीत, म्हणून मराठी माळ घरातच – रोज, दिवेलागणीला. पहिलं अर्धं जसिंताचं, उरलेलं माझं. लग्न झाल्यापासून.

आता? आता म्हणतो की. रोज म्हणतो. मेहुण्याला फोनवर तेच सांगितलंय – रोज, गुडघ्यावर बसून, डोळ्यांत पाणी येतं म्हणून सांगितलं. तो म्हणाला, वा इनास, उद्या वर्षाच्या दिवशी आम्ही सगळे येतोय, तूच सुरू कर. घरच्या माणसानेच सुरू करायची असते ना. गाडीत बसलेसुद्धा असतील.

नाही येत, ताई. पहिलं अर्धं मला येत नाही. – पुस्तकात आहे, माहीत आहे हो, डोळे शाबूत आहेत माझे! पुस्तक घेऊन बसतो, पान काढतो, तोंड उघडतो – आणि थांबतो. सवयीने. ती सुरू करेल म्हणून थांबतो. वर्ष झालं, थांबलोय. उद्या पंधरा माणसं गुडघ्यावर बसणार, माझ्या तोंडाकडे बघणार, तिथे काय सांगू? बोंबील?

तुम्ही वाचता? तुम्ही – नाही, चालतं की, का नाही चालणार, कोणाला पाप लागत नाही. एकदाच. म्हणजे माझ्या कानाला वळण लागेल. हे इथून. इथपर्यंत. वर्गातल्यासारखं खणखणीत नका म्हणू, हळू. ती मध्ये श्वास घ्यायची – हां, तिथेच.

...

हां. झालं? झालं तुमचं. म्हणजे आता माझं. माझं येतं मला. झोपेतून उठवलं तरी येतं. एक मिनिट. पुन्हा म्हणता? शेवटचे दोनच शब्द – हां.

...

ताई, तुमच्या कुकरची शिट्टी झाली. नाही कशी, झाली, मी ऐकली, खालून आवाज आला चांगला. भात लागेल. ही तीन पुस्तकं घेऊन जा, लहान गोष्टीपासून सुरू करा, परत करायची घाई नाही. हे नको. हे इथेच राहू द्या. मिटू नका – तसंच, उघडं.

दार ओढून घ्या.