बावड्याचं पाणी

विठाबाई : डावीकडं घे म्हटलं न्हवं मी? त्या फोनातल्या बाईला काय कळतंय.

निशिगंधा : आज्जी, ती दाजीपूरचाच रस्ता दाखवतेय. दोन दिवसांची सुट्टी काढून पुण्याहून आलेय मी. आपली गावं बघायची, जंगल बघायचं, गावचं जेवायचं. सकाळी गुऱ्हाळावर काकवी खाल्ली, नदीत पाय सोडून बसलो, आता धरण आणि मग जंगल.

विठाबाई : धरण कुठं पळून जात न्हाय. आदी जांभळेवाडी.

निशिगंधा : ते प्लॅनमध्ये नाही. काय आहे तिथे?

विठाबाई : अंजी हाय.

निशिगंधा : अंजनाआज्जी? तुझी धाकटी बहीण? अगं, तुम्ही दोघी तर बोलत नाही ना एकमेकींशी?

विठाबाई : बोलत न्हाय असं कोण म्हंतंय? तिच्या गावचं पाणी पीत न्हाय मी. तिच्या पोराच्या लग्नात तुझ्या आज्ज्यास्नी फेटा बांधला न्हाय. घरातला थोरला पावणा, आणि त्याच्या डोस्क्यावर टोपी. डेअरीच्या चेअरमनला मातुर ह्यो एवढा फेटा, तुरा सोडून. म्हणं, फेटं कमी पडलं. मग चेअरमनला घालायची हुती टोपी. मी तितंच मांडवात सांगितलं, ह्या गावच्या पाण्याचा घोट माझ्या तोंडात जायचा न्हाय. चारशे माणसांनी ऐकलंय. बावीस वर्सं झाली.

निशिगंधा : आणि आजोबा काय म्हणाले?

विठाबाई : त्यांनी टोपी घातली आणि दोन ताटं जिलेबी हाणली. राग मलाच आला.

निशिगंधा : मग आता काय झालं जायला?

विठाबाई : तिची सून भेटली हुती हुपरीच्या एस्टीत. सांगालती, आत्तीस्नी रविवारी हैदराबादला न्हेणार, कायमचं. घराला कुलूप. गुडघं गेलेत अंजीचं, एकदा गेली की परत यायची न्हाय. मला एकडाव तिच्या उंबऱ्यात बसून खायाचं हाय. माफी मागणार न्हाय मी, आणि बोललेलं मोडणारबी न्हाय.

निशिगंधा : पाणी न पिता जेवणार कशी? भाकरीच्या पिठात पाणी, आमटीत पाणी, चहात पाणी.

विठाबाई : मग ह्यो कॅन काय शोभेला धरलाय मांडीवर? पाच लिटर हाय, आपल्या गावचं, बावड्याच्या घरातलं. ह्या पाण्यात भाकरी थापील ती.

निशिगंधा : म्हणून सकाळपासून मला त्याला हात लावू दिला नाहीस! आणि हे तिला सांगणार कोण?

विठाबाई : तू. एवढी शिकलीस ती कशाला?

(जांभळेवाडी. दिवस कलताना, गोठ्यापुढचं अंगण.)

अंजना : या पावणं. वाट चुकलासा काय?

विठाबाई : पोरीला गावं बघायची हुती. मी आपली संगं आले.

अंजना : बरं केलंस. आमचंबी गावच हाय. ही निशी व्हय? लग्नात माझ्या कडंवर बसून निम्मा लाडू खाल्ला हुतास, निम्मा माझ्या लुगड्याला पुसलास. बस बाळ. भाकरी टाकते गरम. मेथी हाय, खर्डा हाय, दही लावलंय.

निशिगंधा : अंजनाआज्जी, एक सांगायचं होतं. रागावू नका. आज्जीनं घरून पाणी आणलंय. पीठ तेवढं त्या पाण्यात मळाल का?

अंजना : आमच्या आडात किडं पडल्यात काय?

निशिगंधा : तसं नाही हो. तिचा तो शब्द...

अंजना : शब्द तिलाच हाय, मला न्हाय? कॅन गाडीत ठेवून ये बाळ. माझ्या चुलीवर परगावचं पाणी चढायचं न्हाय. शेजारणी काय म्हंतील, अंजीच्या दारात बहीण आली ती पाणी घिऊन आली?

विठाबाई : मग मी उपाशीच जाते.

अंजना : जा की. मांडवातनं तशीच गेलीस. तुझं ताट वाढून तिनीसांजंपर्यंत झाकून ठेवलं हुतं मी.

विठाबाई : हे मला कुणी सांगितलं न्हाय.

अंजना : ऐकायला थांबलीस कुठं? फेटं मोजून आणलं हुतं आमच्या ह्यांनी. चेअरमन संगं दोन माणसं घिऊन आला, त्यास्नी बांधलं. चुकलं ते चुकलं. दाजीस्नी मी सांगितलं हुतं, माझ्या हातानं जिलेबी वाढताना. त्यांनी हसण्यावारी न्हेलं.

विठाबाई : घरी येऊन बोलले न्हाईत ते कधी.

अंजना : तुझ्यापुढं बोलायचं धाडस हुतं काय त्यास्नी?

निशिगंधा : मी कॅन ठेवून येते गाडीत. बसा तुम्ही दोघी.

विठाबाई : गोठ्यात कोण वरडालंय गं?

अंजना : म्हस. धारंची येळ झाली तिच्या. रविवारपास्नं जावंच्या दावणीला बांधायची हाय, म्हणून हंबरती का काय कुणाला ठावं.

विठाबाई : आईनं तुला लग्नात दिलेली म्हस, तिच्या वाणाची हाय?

अंजना : तिच्याच पोटची, पाचवी पिढी. शिंगं बघ की, तशीच मागं वळल्यात.

विठाबाई : अंजे, दुधात पाणी घालतीस?

अंजना : तोंड सांभाळ आक्का. तीस वर्सं डेअरीला दूध घालते, एक दिवस कुणी नाव ठेवलं न्हाय.

विठाबाई : मग गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर देत्यात तसं दे मला. माणसाच्या देखत पेल्यात धार. फेस बसायच्या आत पिते.

अंजना : धारेच्या दुधात पाणी नसतंय, व्हय.

विठाबाई : मी तेच म्हणाले.

निशिगंधा : पण आज्जी, म्हैस तरी पाणी इथलंच पीत असेल ना?

विठाबाई : तू गप. शिकलेल्या माणसानं समदं बोलून दावायचं नसतंय.

अंजना : पितळी पेला आणते, आईचा. तू हितं बस दगडावर. तिला नवं माणूस चालत न्हाय, पर तुला वळखील. थांब जरा, कास मळलीया. आदी धुवाय पायजे.

विठाबाई : धू की.

अंजना : पाणी लागंल, आक्का.

विठाबाई : लागंलच.

अंजना : आडाचं हाय. किती पुसलं तरी चार थेंब पेल्यात जात्यात. तुला आदीच सांगते, मागनं म्हणू नगोस.

निशिगंधा : आज्जी, गाडीतला कॅन आणू?

विठाबाई : ऱ्हाऊ दे तितंच. अंजे, ती बादली इकडं दे. मी वतते, तू धू.