वाकळीचा कोपरा

मी जल्मले नायगावला, दिली मुरुडला, अन् कार्ड हाय अमेरिकेचं, आता मला कुठली मनायचं ते तुम्हीच लिवा. आई मला आठवत न्हाई. थोरल्या बहिणीनं वाढवलं, आक्कानं. तिचा नवरा लवकर गेला, लेकरूबाळ न्हाई, ती नायगावलाच राहिली. वाकळ शिवायला तिनंच शिकवलं, अन् मालक गेल्यावर मी वाकळा शिवूनच लेकाला शिकवलं, आर्ध्या मुरुडच्या अंगावर माझा दोरा हाय बगा. आक्काची एक रीत होती, गावाला जायचं असलं की हातातली वाकळ पुरी करायची न्हाई, एक कोपरा ठेवायचा अन् त्येच्यात सुई टोचून जायचं. मंजे माणूस माघारी येतंय, मनायची.

मग लेक, महेश, तिकडं नोकरीला लागला अन् त्येनं मला कायमचं राहायचं कार्ड काढून दिलं. सून चांगली हाय, खोटं कामून बोलू. पण घर लई गप्प, बर्फ पडतंय तरी आवाज न्हाई. नात मातर, गौरा, सारखी माझ्या मांडीला. तिच्या बाळपणीच्या फराका, लेकाचे शर्ट, सुनेच्या ओढण्या जमवून मी तिच्यासाठी वाकळ शिवायला घेतली. ती दोरा ओवून द्यायची अन् मनायची, आज्जी, ही माझी हाय ना, कुणाला द्यायची न्हाई.

दीड महिन्यासाठी नायगावला आले हो मी, आक्काला भेटायला. कोपरा ठेवला, सुई टोचली, अन् निघाले. आठव्या दिवशी आक्का न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं. नांदेडला आपरेशन झालं, पण ती काय उठली न्हाई. महेशचा फोन, आई, वर्षाच्या आत ये, न्हाई तर त्या कार्डावर आत घेणार न्हाईत. मी मनलं, अरे कार्डावर तारीख तर अजून सात वर्षाची हाय. तो मनला, ती कार्डाची मुदत हाय, तुझ्या बाहेर राहायची न्हाई. काय सांगू तुम्हाला, कळलं मला, येवढी आडाणी न्हाई मी. वर्ष भरलं त्या दिवशी सकाळी मी आक्काचे केस इंचरून राहिले होते. तिनं इचारलं, आज गप्प कामून? मी मनलं, काय न्हाई, तुझ्या केसात लई गुंता झालाय.

दुपारी तिच्या बाजूला आडवी झाले की मला काय व्हायचं कळत न्हाई. झोप मनावी तर डोळे उघडे. लिंबावर बर्फ पडून राहिलंय, आंगणात गौरा अनवाणी, अन् आक्का धडधाकट, पदर खोचून खराट्यानं बर्फ झाडून राहिली. मी मनायची, आक्का, थंडी बाधंल, तर ती मनायची, लेकरू आलंय, आधी भाकर टाक. दोघी एका आंगणात दिसायच्या अन् मला लई बरं वाटायचं. जाग आली की कूलरची घरघर अन् आक्काचं कण्हणं.

सतराव्या महिन्यात आक्का गेली, माझ्या हातावर. बापाच्या रानात, आमच्या लिंगायताच्या रीतीनं, बसवून माती दिली. मग महेशनं वकील लावला. वकील मनला, तुम्ही परत यायच्या इराद्यानंच निघाला होता, अन् इकडं राहणं तुमच्या हातातलं नव्हतं, हे मुंबईला अमेरिकेच्या कचेरीत पटवून द्यावं लागंल. परतीचं तिकीट होतं, दवाखान्याचे कागद होते. मी मनलं, वाकळीचा फोटो लावा, सुईसकट. वकील हासला. महेश मनला, आई, तसलं चालत न्हाई. मी अडूनच बसले, मग लावला.

कचेरीत काचंच्या पलीकडं गोरी बाई, बाजूला मराठीत सांगणारी. इचारलं, तुम्हाला जायला कुणी अडवलं होतं का? लेकानं पढवलं होतं, नाइलाज होता येवढंच मन. माझ्या तोंडून निघालं, न्हाई बाई, कुणी अडवलं न्हाई, पण जिनं मला वाढवलं तिला अंथरुणात टाकून मी कशी जाऊ? ती फोटो लई वेळ बगत बसली. सुई कामून, मनली. मी सांगितलं. कळवू, मनली.

दोन महिने झाले, काय कळलं न्हाई. महेश चिडला, मनला, आई, येवढं एक वाक्य बोलली असतीस. मी पण लई रडले, नात हातची गेली मनून.

काल संध्याकाळी फोन आला, तिकडं सकाळ. आता नऊ वर्षाची हाय गौरा. आज्जी, बघ, मनून तिनं वाकळ फोनपुढं धरली. माय गं! पोरीनं माझ्याच सुईनं शिवत आणलंय, वाकडेतिकडे टाके, बोटाबोटायेवढे, अन् पार शेवटाला येऊन पोचली. मनली, आज पुरी करते, मग तुला पाठवते. मी घाईघाईनं मनलं, थांब गं माझे बाई, लई गोड शिवलंस, शंभर वर्ष जग, पण तेवढा कोपरा राहू दे. ती मनली, तू येईपर्यंत? कचेरीचा कागद येतोय का न्हाई, शिवाला माहीत. पण मी मनलं, हाव. तिनं माझ्या डोळ्यादेखत सुई टोचली, घडी घातली, अन् शाळेला गेली.