शहापूरच्या मांडवाची डाहाळी

…नाही, याचा आंबा मी कधी चाखला नाही. हसू नको वं पोरी — अंगणातलं झाड, अन् घरचीच बाई म्हणते, गोड का आंबट मले ठाऊक नाही! नवस होता न. दोन लेकरं पोटातच गेली होती. खुशबू पोटात राहिली तेव्हा याच खोडाले हळदकुंकू लावून मी बोलली — हिले सुखरूप येऊ दे, हिच्या लग्नाच्या मांडवावर तुझी डाहाळी चढवीन, तोवर तुझं फळ तोंडात घालणार नाही. खुशबूचे बाबा चिडवायचे, म्हणायचे, एक फोड खाल्ली तर देव काय पंचनामा करते? तेही गेले. मी नाही खाल्ली.

अन् आता लग्न येत्या सोमवारी, नवऱ्याकडं, शहापूरले — तर हे असं. आधी एक फांदी वाळली, मंग खोडातून काळा डिंक, मंग पिठासारखा भुसा. मले वाटलं तहान लागली असंल, रोज न्हाणीचं पाणी टाकत गेली. तू कृषी कॉलेजातून आली, साल सोलून तिळाएवढा भुंगा दाखवला, त्याच्या अंगावर बसून बुरशी येते म्हणाली. बरं. पण ते दुसरं सांगितलं न, ते मनातून जात नाही — काही बुरश्या एकट्याच पोरं करतात, हिले मात्र जोडी लागते. अन् जोडीतली एक जात आमच्या आंब्यात, दुसरी शहापूरले जावयाच्या आमराईत. एकेकटी आहे तोवर हुबेहूब आपल्यासारखीच काढते, पुन्हा पुन्हा. भेटल्या की नवी लेकरं, कोणतं किती जहाल निघंल सांगता येत नाही. बापा! सोयरीक या बुरशीनंही शहापुरातच पाहावी? — हसू येते, अन् रडूही.

म्हणून काडीही फाटकाबाहेर जाऊ नाही, सारं इथंच जाळा. हाव, समजलं मले… परसात काय पाहून राहिली? सरपण आहे ते. — लाल कापडात कोण सरपण बांधते, म्हणशील. सकाळीच तोडली. जावयाचा भाऊ वीरेंद्र, जवाहरनगरच्या फॅक्टरीतली ड्यूटी करून गाडी घेऊन येते, त्याच्या हाती भांड्यांसोबत मी पाठवणार होती. एकच डाहाळी, हिरवी शोधून. देवाले दिलेला शब्द आहे, पोरी… पण तिच्यात तिळाएवढं काही असलं तर? त्यांची आमराई वाळली तर बुरशीले कोण विचारते — नव्या सुनेचा पायगुण म्हणतील. माझ्या खुशबूचा.

घे. तूच टाक आगीत, माझा हात होत नाही. नवस राहिला, म्हणजे फळही राहिलं. राहू दे. देव समजून घेईल, एवढं तर मी त्याले ओळखते.

एक कर मात्र. आजवर साऱ्यांच्या जोड्या जमाव्या म्हणून मी देवापुढं बसली. ही एक, बुरशीची, जमू नये म्हणून बोलून राहिली. तूही बोल. आवडीचं काहीतरी सोड अन् बोल. शिकलेली आहेस, कधी नवस बोलली नसशील — तरी बोल. मीट डोळे. मी तिकडं तोंड करते.