जोडण्याआधी पुसायचं का?

मंडळी, ऐका. आज मोठा वेदान्त सांगणार नाही, घाबरू नका! एकच साधा प्रश्न आहे. जपलेली वस्तू आणि नुसती ठेवून दिलेली वस्तू — या दोन्हींत फरक काय? कपाट तेच, कुलूप तेच, किल्लीही तीच! मग फरक कुठे? पुढच्या रांगेतल्या आजी हसल्या. त्यांना कळलंय! बाकीच्यांसाठी आख्यान सांगतो.

मूर्तिजापूरला श्रीधरराव गावंडे नावाचे गृहस्थ. जन्मभर कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी केली, आता निवृत्त. सज्जन माणूस! विडी नाही, तंबाखू नाही. व्यसन एकच — कीर्तनाचं. ऐकायचं नव्हे हो — भरून ठेवायचं!

मुलानं टीव्हीचा नवा डबा बसवून दिला होता. रेकॉर्डिंगवाला. बटण दाबलं की कार्यक्रम आपोआप आत जाऊन बसतो. श्रीधरराव खूश! रोज सकाळी सहाला टीव्हीवर कीर्तन लागतं. ते रोज आत. बघायचं कधी? "पाहू निवांत!" मंडळी, निवृत्त माणूस अजून निवांत कधी होणार? पण नाही! दोनशे बारा कीर्तनं साठली. त्यात एक माझंही होतं. तेही बघितलं नव्हतं! मी स्वतः विचारलंय त्यांना.

एक दिवस डबा म्हणाला — जागा संपली! आता जुनं काढा, नाहीतर नवं विसरा. श्रीधरराव कासावीस. काढायचं कसं? कीर्तन आहे, पाप लागेल! त्यांनी टीव्ही दुरुस्त करणाऱ्या सलीमभाईंना फोन लावला.

सलीमभाई म्हणाले, "काका, सोपं आहे. बाहेरून हार्ड डिस्क जोडा. डब्याच्या मागं चपटं छिद्र आहे, त्यात वायर खुपसा. पुढचं टीव्हीवर लिहून येईल, ते वाचा. पण डिस्क रिकामी पाहिजे बरं!"

आता डिस्क कुठून आणायची? श्रीधररावांना आठवलं — बायकोच्या कपाटात साड्यांखाली एक काळी डबी दिसली होती. रुमालात गुंडाळलेली, वायरसकट. बायको घरात नव्हती, बाजारात गेली होती. यांनी कपाट उघडलं, रुमाल सोडला. "हेच ते! पडूनच तर आहे. रिकामीच असन!"

इथे थांबा. रिकामी होती का हो ती?

त्यांच्या पत्नी कांताबाई. बायकांच्या भजनी मंडळात अकरा वर्षं गायल्या. आवाज असा, की रस्त्यानं जाणारा माणूस सायकलवरून पाय टेकवून उभा राहायचा. दोन वर्षांपूर्वी घशात गाठ झाली, ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता नुसती कुजबुज. तीही कान जवळ नेला तर. मंडळातल्या सिंधूताईंच्या सुनेनं एक मोठं काम केलं. बायकांच्या मोबाईलमध्ये कांताबाईंचं जे जे गाणं होतं, ते सगळं गोळा करून त्या डिस्कमध्ये भरून दिलं. दर गुरुवारी दुपारी कांताबाई ती डिस्क पिशवीत घालून सिंधूताईंकडे जायच्या. तिथल्या कॉम्प्युटरला लावायची, आणि डोळे मिटून अर्धा तास स्वतःला ऐकायचं. बस! आठवडा त्यावर निघायचा.

आणि श्रीधररावांना काय माहीत होतं? की गुरुवारी ही कुठेतरी जाते! कुठे जाते, का जाते, कधी विचारलं नाही. वाईट मनानं नाही हो. सुचलंच नाही!

तर, वायर खुपसली. टीव्हीवर अक्षरं आली — "जोडण्याआधी पुसायचं का?" खाली दोन चौकोन. हो. नाही.

आता गंमत बघा. तिकडे पुण्या-मुंबईला पुसणं म्हणजे फडक्यानं पुसणं, स्वच्छ करणं. आणि आपल्या वऱ्हाडात? पुसणं म्हणजे विचारणं! "त्याले पुसून घे." "मले काहून पुसलं नाई?" श्रीधररावांनी वाचलं आणि मान डोलावली. "वा रे बाप्पा! मशीन असून रीत आहे याले. सोयरीक जोडाच्या आधी पुसतेत, तसं पुसून राहिलं! पुस ना, पुसलंच पाहिजे!" आणि दाबलं — हो!

वाट बघत बसले, आता डबा काय विचारतो! डब्यानं काही विचारलं नाही. एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकली. अकरा वर्षं, मंडळी! तेवढ्यात गेली. मग अक्षरं आली — "डिस्क तयार आहे." दुसऱ्या दिवसापासून कीर्तनं त्यात पडू लागली.

गुरुवार आला. कांताबाईंनी कपाट उघडलं. रुमाल होता, डबी नव्हती. बाहेर आल्या, तर टीव्हीमागे वायर लोंबत होती. त्या कुजबुजल्या, पण टीव्ही चालू! यांना ऐकूच येईना. शेवटी त्यांनी खांदा धरून हलवलं.

"अहो, त्यात माह्यं गाणं होतं. मले पुसलं काय तुम्ही?"

"अवं, मशीननं पुसलं ना! मी हो म्हटलं!"

बोलले, आणि स्वतःच्याच शब्दावर अडकले. दोन्ही अर्थ एकदम डोक्यात शिरले.

धावत सलीमभाईंकडे गेले. सलीमभाईंनी दुपारभर खटपट केली आणि मान हलवली. "नुसतं पुसलं असतं तर थोडंफार हाती लागलं असतं काका. त्याच्यावर पाच कीर्तनं भरलीत. मंडळातल्या बायकांचे मोबाईल?" तेही विचारून झालं. कोणाचा फुटला, कोणी बदलला. एका मोबाईलमध्ये शेवटची आरती निघाली, त्यात टाळ्याच जास्त!

कांताबाई भांडल्या नाहीत. रडल्याही तशाच, आवाज नसलेल्या. मंडळी, मला विचाराल तर शिव्या परवडल्या! समोरचं माणूस गप्प रडतं ना, ते बघवत नाही.

चार दिवस घरात बोलणं नाही. पाचव्या दिवशी श्रीधरराव उठले. डब्याचं बटण बंद केलं, कांताबाईंच्या समोर पाट ओढून बसले. म्हणाले, "कांते, मले पुसायचं आहे. काय काय होतं त्यात?"

"आता कायले?"

"चूक झाली माही. लय मोठी. पण मले सांग."

कांताबाईंचे ओठ हलले. श्रीधररावांना कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला. चाळीस वर्षांच्या संसारात इतक्या जवळून ऐकलं नव्हतं माणसानं! पहिलं गाणं कोणतं, ते कोणाच्या अंगणात म्हटलं, पेटीवर कोण होतं, कुठे सूर चुकला आणि सिंधूताईंनी कसा सावरला — एक एक सांगत गेल्या. श्रीधररावांनी त्यातली एक ओळ म्हणून बघितली. काय वर्णू तो आवाज! जिनिंगचा पट्टा बरा! कांताबाईंनी कपाळाला हात लावला. मग त्याच हातानं त्यांच्या गुडघ्यावर ठेका धरला आणि कुजबुजल्या, "तिथं ओढू नका. तिथं सोडाचं असते." यांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं. पुन्हा म्हटलं.

गेलेला आवाज परत आला का? नाही. खोटं कशाला सांगू? आख्यान आहे म्हणून चमत्कार करायचा का? तो गेला तो गेला. पण मी त्यांच्या घरी गेलो होतो, तेव्हा श्रीधररावांना कांताबाईंची अठरा गाणी पाठ झाली होती. बेसूर! पण एक मात्रा इकडची तिकडे नाही. म्हणताना ते भिंतीकडे बघत नव्हते, देवाकडेही नाही — बायकोच्या बोटांकडे बघत होते. आणि ती दोनशे बारा कीर्तनं? सगळी काढून टाकली. माझंही! मला वाईट वाटलं नाही. म्हणजे — थोडं वाटलं!

तर मंडळी, देवानं रसना दिली ती नामासाठी, खरंच आहे. पण घरातल्या माणसाला दोन शब्द विचारले तर ते नाम वाया जात नाही. उलट ते तिथंच पोचतं, जिथं पोचायचं असतं.

ते खांबाजवळचे दादा — तुम्हीच, हिरव्या सदऱ्यातले! मोबाईल वर धरून तासभर माझं रेकॉर्डिंग चाललंय. करा, माझी ना नाही. पण तुमच्या शेजारी वहिनी बसल्यात. त्या मघापासून पदरानं डोळे पुसतायत.

तुम्ही पुसलंत का त्यांना?