गिरणीवरचे दाणे

टाळ जरा खाली ठेवा, मंडळी! एक सवाल आहे. आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला सांगितली, तर आपलं काय जातं? — बोला! हे पुढचे भाऊसाहेब तर मान खाली घालून बसले! असू द्या, मी एका चिमणीकडून उत्तर घेतो.

ऐका! एका गावात पिठाची गिरणी. शेजारी शाळा, अन् शाळेच्या वळचणीला चिमण्यांची वस्ती. त्यात एक ठकी, पहिलटकरीण. मोठी हुशार! गिरणीची पुक-पुक सुरू झाली, की बाया दळण आणतात, दारात ज्वारी सांडते — हे एकट्या ठकीनं हेरलेलं. पुक-पुक झाली की ही भुर्र! शेजारीण गोदी विचारायची, "काय गं, कुठं निघालीस?"

"कुठं न्हाई बाई, जरा पंख मोकळे करते!"

हसता काय? तुमच्या आळीत नाहीत अशा ठक्या?

झालं! ठकीला तीन पिल्लं झाली. ही ऐटीत ज्वारीचा टपोरा दाणा घेऊन आली, पिल्लाच्या चोचीत घातला — थू! दुसऱ्याला दिला — थू! अहो, कालचं पोर ते, कोरडा दाणा गिळेल कसा? त्याला मऊ अळी पाहिजे! अन् अळी कुठं मिळते, हे ठकीला कुठं ठाऊक? चिमणा काय करत होता म्हणता? बसला होता पारावर, आपल्यासारखाच!

दुसऱ्या दिवशी धाकटं पिल्लू मानच उचलेना. गोदी तर भराभर अळ्या आणत होती. पण विचारायचं कोणत्या तोंडानं? शेवटी ठकी गुपचूप तिच्या मागं निघाली. गोदी कोबीच्या वाफ्यात उतरली, ही बांधाआड लपली.

गोदी ओरडली, "अगं, लपतेस कशाला? ये की पुढं! वरून काय दिसणार? पानाखाली मान घाल, अशी!"

ठकीनं बघितलं, तशीच मान वाकडी केली — अन् सापडली हो हिरवीगार अळी! घरट्यात आली, धाकट्याच्या चोचीला लावली. एकदा... दोनदा... अन् गिळली, मंडळी! गिळली!

मग ठकीनं शेजारच्या घरट्याकडं बघून विचारलं, "गोदे, तुला हा वाफा कुणी दाखवला?"

"सासूनं. सासूला म्हणे एका साळुंकीनं."

ठकीला रडूच आलं. "गोदे, मी खोटं बोलले. गिरणीवर दाणे सांडतात." दुसऱ्या दिवशी पुक-पुक झाली, तशी सगळी वस्ती गिरणीच्या दारात! अन् दाणे? पोटभर खाऊनही उरले!

आता मंडळी, चिमण्या सोडा. गेल्या साली या गावात एका घराला मुलींच्या वसतिगृहाच्या अर्जाची तारीख ठाऊक होती. त्यांनी आपल्या पोरीचा अर्ज भरला, शेजारच्यांजवळ बोलले नाहीत. का? तर जागा कमी पडतील! शेजारची पोर हुशार, पण आज शेळ्या वळते. कुणाचं ते घर? इकडंतिकडं बघू नका — माझं! हा फेटा बांधून तुम्हाला ज्ञान सांगणाऱ्याचं!

तर ऐका, यंदाचे अर्ज सोमवारपासून सुटतात. त्या शेजारच्या पोरीचा अर्ज भरायला मी स्वतः जाणार आहे. अन् तुमच्या पोटात काय दडलंय, ते तुम्ही आज प्रसाद घेण्याआधी शेजारच्याला सांगा. मग उचला टाळ, अन् घ्या देवाचं नाव मोकळ्या गळ्यानं!